तिला उंची सोसली होती

लडाखची गोष्ट मी बारा-तेरा वर्षं सांगत आलो. लग्नकार्यात, कॉलनीतल्या कोजागिरीला, मुलीच्या सासरी, जिथं चार माणसं निवांत बसली तिथं. लोक हसायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, या गृहस्थाला लपवायचं असं काही नाही. मी ती इतक्यांदा सांगितली, कारण खरं काय झालं ते सांगावं लागू नये. आता बायको जाऊन दोन वर्षं होत आली. समोर हसायला कुणी नाही, म्हणून लिहायला जमतंय.

लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी. निवृत्तीनंतर आम्ही दोन जोडपी लेहला गेलो, माझ्या बायकोला उंची सोसली नाही, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि सगळ्यांच्या सहलीचा विचका झाला. यातला दवाखाना खरा आहे, विचकाही खरा आहे. उंची सोसली नाही, हे खोटं आहे.

मी नाशिक रोडला सरकारी नोकरीत होतो. पस्तिशीपासून रविवारी गड चढायचा नाद. अंजनेरी, हरिहर, रामसेज, आणि वर्षातून एकदा साल्हेर. त्या नादातला सोबती म्हणजे ऑफिसातलाच एक मित्र, राहायलाही आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये. कधीमधी बायको बरोबर यायची, पण चढायची नाही. पायथ्याच्या गावात एखाद्या ओसरीवर बसायची, तिथल्या बायकांबरोबर तांदूळ निवडायची, त्यांच्या हंड्यातलं पाणी प्यायची. आम्ही उतरून आलो की मी मित्राला म्हणायचो, "आमच्या हिचा गड म्हणजे ओसरी." ती म्हणायची, "ओसरीवरून तुम्ही मुंगीएवढे दिसता. बरं वाटतं बघायला."

ती सायखेड्याची. नदीकाठावर वाढलेली. पाणी फार प्यायची. जेवणाआधी तांब्याभर, जेवण झाल्यावर पुन्हा अर्धा. आमच्याकडच्या बायका प्रवासाला निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद करतात, द्राक्षबागेचं पाणी तोडतात तसं. वाटेत जायची सोय नसते, असली तर जाण्यासारखी नसते, म्हणून. माझ्या आईनं जन्मभर हेच केलं आणि सुनेलाही हेच सांगितलं. सुनेनं ऐकलं नाही. एसटी कुठल्याही स्टँडवर थांबली की ही खाली उतरणार, दिसेल त्या बाईला विचारणार, जाऊन येणार, आणि चढताना कंडक्टरला म्हणणार, "चला आता, झालं माझं." सगळी गाडी आमच्याकडे बघायची. मी खिडकीबाहेर बघायचो.

लेहला जायचं तिच्याच मनात होतं. एका मासिकातलं निळ्या तळ्याचं चित्र तिनं कापून फ्रिजवर चिकटवलं होतं. कडा पिवळ्या पडेपर्यंत ते तिथं होतं. मित्राच्या बायकोलाही हौस होती. ठरलं.

निघण्याआधी आम्ही नवरा-बायको आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघांना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. आदल्या दिवसापासून सुरू करा, म्हणाले. यानं लघवी जास्त होते, घाबरायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. दोघांच्या गोळ्या माझ्या पिशवीत होत्या. घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "तुला कशाला ही गोळी? तुझं आधीच काय कमी आहे? ही घेतलीस तर विमानातल्या संडासातच राहायला जाशील." ती हसली. "मग नकोच बाई," म्हणाली. माझ्या गोळ्या मी वेळेवर घेतल्या.

लेहला उतरलो तर हॉटेलचा मालक हात जोडून सांगत होता, दोन दिवस फक्त पडून राहा, जिना सुद्धा हळू चढा. बायकोनं ते अक्षरशः ऐकलं. गरम पाण्याचा थर्मास उशाशी घेतला आणि पांघरुणात शिरली. मी आणि मित्र संध्याकाळी बाहेर पडलो. टेकडीवर एक पांढरा स्तूप दिसत होता, त्याला पायऱ्या होत्या. आम्ही साल्हेर चढणारी माणसं. पायऱ्या बघितल्यावर आम्हाला पडून राहवेना. अर्ध्यात गेल्यावर छातीत कुणीतरी आतून दार लावून घेतल्यासारखं झालं. मित्र खाली बसला. मी वरपर्यंत गेलो. वर जाऊन काय पाहिलं ते आठवत नाही, कठड्याला धरून उभा होतो एवढं आठवतं.

परत आलो आणि चौघं आमच्या खोलीत चहाला जमलो. बायको उठून बाथरूममध्ये गेली. आली, पाणी प्याली, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठली. मी म्हणालो, "सायखेड्याला पूर आला वाटतं."

मित्र इतका हसला की त्याला धाप लागली. त्याची बायको म्हणाली, "काहीतरीच तुमचं, भाऊजी." पण तीही हसली. आणि बायको बाथरूमच्या दारातून म्हणाली, "गंगापूर धरणाचं दार उघडलंय म्हणावं." त्या वेळी तिलाही गंमत वाटली होती. मला सापडलेलं वाक्य मी सोडणारा नव्हतो. ती उठली की मी सुरू. पूर आला, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. दुसऱ्या दिवशी ती हसायची थांबली होती. मी थांबलो नव्हतो.

आता जे लिहितो ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्हां चौघांत तिची तब्येत सर्वांत चांगली होती. मित्र आडवा होता. त्याच्या बायकोला अन्न नको होतं. माझं डोकं ठणकत होतं, आणि डोळा लागला की श्वास मध्येच थांबायचा आणि मी दचकून जागा व्हायचो. गोळी घेऊन ही गत. आणि ती गोळी न घेता शांत झोपली होती, सकाळी दोन पराठे खाल्ले, बाजारात जाऊन जर्दाळू घेऊन आली. आल्यावर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पण पडून राहायला हवं होतं. गड नाही हा."

ओसरीवर बसणारी बाई मला हे सांगत होती. मला ते सहन झालं नाही. त्यानंतर मी पुराचं जे जे बोललो, ते गमतीनं बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तळ्याकडे निघालो. वाट एका मोठ्या खिंडीवरून जाते, नंतर उतरते, पण तळंही लेहपेक्षा बरंच उंचावर आहे. मुक्काम तिथंच होता. बायकोनं दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या. खिंडीच्या अलीकडे तिनं दोनदा गाडी थांबवायला सांगितली. आम्ही पुरुषही उतरत होतो, माझी गोळी तर मला तासभर बसू देत नव्हती. पण आम्ही खडकाआड गेलो आणि आलो. आमचं कुणी मोजत नव्हतं. तिच्यासाठी आडोसा शोधावा लागायचा, मित्राच्या बायकोला शाल धरून उभं राहावं लागायचं.

दुसऱ्यांदा ती गाडीत चढली आणि बाटली तोंडाला लावली. मी ती तिच्या हातातून घेतली. "बस झालं ढोसणं," म्हणालो. "तुझ्यापायी तळं उद्या दिसेल. चार लोकांत कसं राहावं ते इतक्या वर्षांत कळलं नाही. गावंढळ ती गावंढळच."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. मी दोन्ही बाटल्या माझ्या पायाशी ठेवल्या. ती काचेकडे तोंड करून बसली. खिंडीवर सगळे फोटो काढायला उतरले, ती उतरली नाही. पुढं एका ठिकाणी ड्रायव्हरनं विचारलं, "माताजी पानी नहीं ले रहीं?" मी म्हणालो, "ले लिया." बाटल्या माझ्या बुटांना लागून गडगडत होत्या. तिला त्या ऐकू येत असणार.

तळ्यावर पोचलो तेव्हा पाणी खरोखरच त्या चित्रासारखं निळं होतं. ती काठावर एका दगडावर बसली. मी तिचा फोटो काढला. त्यात तिनं डोकं दोन्ही हातांनी धरलं आहे. पुढं हा फोटो मी सगळ्यांना दाखवायचो आणि म्हणायचो, "हे बघा, डोळे भरून तळं बघतेय."

ऊन उतरायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. मला म्हणाली, "डोकं लय दुखतंय हो. काही दिसंना नीट." लग्नानंतर मी तिची ही बोली टोकून टोकून बंद केली होती. शरीर खचलं की ती परत यायची.

मी म्हणालो, "पित्त आहे. आणि नीट बोल, लोक ऐकतायत."

ती तंबूपासून संडासापर्यंत निघाली आणि दारू प्यायल्यासारखी एका बाजूला जायला लागली. मित्रानं धावत जाऊन धरलं. परत येऊन मला बाजूला घेतलं. "वहिनींना खाली न्यायला पाहिजे. तो ड्रायव्हर म्हणतोय, वाटेत खालच्या गावात दवाखाना आहे. अजून उजेड आहे. निघू."

"हिला लक्ष हवं असतं," मी म्हणालो. "तू ओळखत नाहीस. आज निघालो तर उद्याचा सूर्योदय गेला. झोपली की होईल बरी."

"अरे, चालता येत नाहीये त्यांना."

"चढायची सवय नाही तिला. ओसरीवर बसून काढलंय आयुष्य."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसला. तो गप्प बसला याचा राग मला नंतर कितीतरी वर्षं होता. आता वाटतं, मी त्याला दुसरं काय करू दिलं.

सूर्योदय मी बघितला. चांगला होता. तंबूत परत आलो तर मित्राची बायको हिच्या शेजारी बसून रडत होती. ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती आणि मी कोण ते तिला कळत नव्हतं. तिनं मला तिचे वडील समजून हाक मारली. "आबा," म्हणाली, "गाडी थांबवा ना. लय लागलीये." तिचे आबा वारून तेव्हा वीस वर्षं झाली होती. अंथरूण तोवर ओलं झालेलं होतं.

मग आम्ही निघालो. वाटेतल्या गावच्या दवाखान्यात तिला प्राणवायू लावला आणि त्यांच्याच गाडीतून लेहच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मेंदूला सूज आली होती. बायकोच्या तोंडावर मास्क होता, डोळे मिटलेले. डॉक्टरीणबाई हिंदीत विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होतो. त्रास कधी सुरू झाला? आज सकाळी, म्हणालो. गोळ्या घेतल्या होत्या? हो, दोघांनी घेतल्या. पहिले दोन दिवस कशी होती? हे मात्र मी खरं सांगितलं, कारण त्यात मला धोका दिसला नाही. चांगली होती, खात होती, फक्त सारखी लघवीला जायची.

"वो तो अच्छी बात है," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. उंचावर हवा विरळ म्हणून आपण नकळत भराभर श्वास घेतो. त्यानं रक्ताचा तोल बदलतो, आणि तो सावरायचं काम मूत्रपिंडं करतात, नको ते लघवीतून बाहेर टाकून. ज्याला सारखं जावं लागतं त्याचं शरीर उंचीला रुळतंय असं समजायचं. यांचं तर फार चांगलं चाललं होतं, म्हणाल्या. मग पुढं काय झालं? अंगात पाणीच नाही यांच्या. पाणी का बंद केलं?

मी म्हणालो, "हमारे यहाँ की औरतों की आदत है. सफर में पानी नहीं पीतीं."

ती सवय नसलेली आख्ख्या घरात ही एकच बाई होती. मी बोललो आणि माझं लक्ष कॉटकडे गेलं. मास्कच्या वर तिचे डोळे उघडे होते. या वेळी ती मला ओळखत होती.

डॉक्टरीणबाई जाता जाता थोड्या रागानं म्हणाल्या, की औरतों को समझाइए. मी समझाता हूँ म्हणालो.

ती वाचली. नाशिकला आल्यावर काही महिने भिंतीला हात लावून चालायची, पुढं तेही गेलं. पण त्या दिवसापासून तिनं प्रवासात पाणी सोडलं. सायखेड्याला माहेरी जायचं, तेवढ्या अंतरासाठीही सकाळचा चहासुद्धा नको. एसटीत, रिक्षात, मुलीच्या गाडीत, कुठंही घोट घ्यायची नाही. मुलगी बाटली पुढं करायची तर ही म्हणायची, "नको गं, मला सवय नाही." माझं खोटं तिनं खरं करून ठेवलं. हे तिनं माझ्यावर रागानं केलं की मला सांभाळायला केलं, ते मी विचारलं नाही. दोन्ही उत्तरं मला नको होती.

आणि मी गोष्ट सांगत राहिलो. पूर, शाल, दगडावरचा फोटो. ती चहाचे कप घेऊन यायची तेव्हा मी नेमका त्याच जागी आलेला असायचो. पाहुणे तिच्याकडे बघून हसायचे. ती कप ठेवायची आणि आत जायची.

चारेक वर्षांनी मुलगी आणि जावई हिमाचलला निघाले. मुलीचा फोन आला, आईला नेते म्हणाली. फोन स्पीकरवर होता. बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलेलं मी ऐकलं. मी म्हणालो, "वेडी का काय तू? तिला उंची सोसत नाही. विसरलीस, काय झालं होतं?"

फोनवर मुलगी म्हणाली, "आई, तू सांग. येतेस का?"

त्या वेळी ती एक वाक्य बोलली असती तर सगळं फिरलं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून ती थांबली होती, हे मला त्याच क्षणी कळलं, नंतर नाही. तव्यावरची पोळी करपली, तिनं ती उलटली आणि म्हणाली, "नको गं. मला सोसत नाही." डोंगर तिनं पुन्हा बघितला नाही. मी पुढच्या रविवारी हरिहरला गेलो.

शेवटची दोन वर्षं तिची मूत्रपिंडं गेली होती. साखरेमुळे. मी डॉक्टरांना हळूच विचारलं, पूर्वी एकदा उंचावर फार पाणी कमी पडलं होतं, त्याचा काही संबंध? ते म्हणाले, छे, काही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं, हेही इथं लिहून ठेवतो. डॉक्टरांनी तिची आधीची दुखणी विचारली तेव्हा तिनं आपण होऊन सांगितलं, "मला उंची सोसत नाही." त्या आजाराचा उंचीशी काय संबंध, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी शेजारी बसून होतो.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद. आणि पाण्यावर बंधन, अगदी थोडं, दिवसभरात पुरवून प्यायचं. ते देणं माझ्याकडे होतं. सकाळी मी दिवसाचं पाणी एका स्टीलच्या लोट्यात काढून ठेवायचो आणि लोटा माझ्या खुर्चीपाशी ठेवायचो. एप्रिल-मे महिन्यात ती पडल्या पडल्या त्या लोट्याकडे बघायची. "थोडं द्या हो," म्हणायची. मी नाही म्हणायचो. नाही म्हणणं या वेळी बरोबर होतं, डॉक्टरांचं होतं, आणि तरी माझ्या तोंडून ते नेहमीच्याच आवाजात निघायचं. ओठ ओले करायला मी कापसाचा बोळा फिरवायचो. ती तो चोखायची.

एका दुपारी मी असा बोळा घेऊन बसलो होतो. पंखा गरम हवा फिरवत होता. ती छताकडे बघत म्हणाली, "सायखेड्याला आता पूर येत नाही म्हणावं. नदी आटली."

इतक्या वर्षांत ते वाक्य तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ती चिडलेली नव्हती. किंचित हसतच बोलली, लेहच्या त्या पहिल्या संध्याकाळी दारातून बोलली होती तशी. माझ्याकडे वळून बघितलं आणि थांबली. पोळी लाटताना थांबली होती तशीच.

मला काय म्हणायचं ते माझ्याजवळ तयार होतं. कित्येक वर्षं तयार होतं, गड उतरताना मी ते मनात म्हणत उतरायचो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जास्त बोलू नकोस. घसा कोरडा पडेल."

"बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्यानंतर ती जगली सव्वा महिना, पण असं थांबून माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगी हे वाचेल तेव्हा तिला आईबद्दलची एक गोष्ट कळेल. पण हे सांगायचं मुलीला नव्हतं. ते असं होतं. तुला उंची सोसली होती. आम्हां चौघांत तुलाच सोसली होती. तुझं शरीर शहाणं होतं, जे करायला हवं तेच करत होतं, आणि मला ते बघवलं नाही. बाटल्या मी घेतल्या. गोळ्या मी दिल्या नाहीत. उजेड असताना मी निघालो नाही. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं आणि तू ते ऐकलंस. माझं चुकलं गं. मला माफ कर.